सेक्टर, सडक, क्वार्टर: पोर्टफोलिओचं पान आखताना

डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींचे पोर्टफोलिओ ओळीने पाहत गेलं की काही गोष्टी हटकून भेटतात. पहिल्या पानावर गोलात कापलेला फोटो. त्याच्या शेजारी राखाडी पट्ट्या: फोटोशॉप ८५ टक्के, इलस्ट्रेटर ९० टक्के. उरलेले १५ टक्के कोणी मोजले आणि कशाने, हे विचारायची सोय नसते. मग तेच बोधचिन्ह मगवर, टी-शर्टवर, होर्डिंगवर आणि पिशवीवर. मजकूर दोन ओळींचा, कारण टेम्प्लेटमध्ये चौकट तेवढीच होती. काम त्या मुलाचं असतं, पण पान मात्र परक्या गावच्या कुणीतरी, रोमन लिपीसाठी आखलेलं. देवनागरी मजकूर त्यात कोंबला की तो गुदमरतो, आणि दोष येतो लिपीवर.

असा पोर्टफोलिओ खरं तर अल्बम असतो. मुलाखत घेणाऱ्याला अल्बमपेक्षा अहवाल हवा असतो. अडचण काय होती, तुम्ही काय पाहिलंत, कोणते पर्याय टाकून दिलेत, का टाकून दिलेत, आणि शेवटी जे उरलं ते कसं चाललं, एवढं त्याला पानांवरून कळायला हवं. भारतातल्या डिझाइन शिक्षणाची सुरुवातच मुळी एका अहवालाने झाली. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारसाठी ‘द इंडिया रिपोर्ट’ लिहिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली ती त्यानंतर. त्या अहवालात साध्या लोट्यावर एक उतारा आहे. लोटा सुंदर आहे म्हणून हे दोघे थांबत नाहीत. पाणी किती मावतं, ओतताना तोल कसा राहतो, डोक्यावर, कमरेवर, हातात तो कसा बसतो, घासायला सोपा आहे का, किंमत काय, असे प्रश्न ते एकामागून एक मांडत जातात. पोर्टफोलिओ करायला बसलेल्या प्रत्येकाने हा उतारा एकदा वाचावा. नमुना म्हणून याहून चांगलं काही मला माहीत नाही.

हा अहवाल लिहिला जात होता तेव्हा आजच्या छत्तीसगढातल्या भिलाईत पोलाद कारखान्याचं बांधकाम चालू होतं. सोव्हिएत संघाशी करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी, दहा लाख टन क्षमतेच्या कारखान्यासाठी. पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केलं. कारखान्याबरोबर वसाहतही आखली गेली. आधी कागदावर, मग जमिनीवर. त्यामुळे भिलाईच्या टाउनशिपमध्ये वाढलेल्या माणसाचा पत्ता हा तीन आकड्यांचा मामला असतो: सेक्टर अमुक, सडक अमुक, क्वार्टर अमुक. चिंचेच्या झाडापासून डावीकडे, मारुतीच्या मागे, असला प्रकार नाही. पाहुणा नवखा असला तरी सेक्टर कळला की सडक सापडते आणि सडक सापडली की क्वार्टर.

पानाच्या जाळीचं, म्हणजे ग्रिडचं, काम याहून वेगळं नाही. पानावरच्या प्रत्येक गोष्टीला एक पत्ता द्यायचा, आणि तो पत्ता पुढच्या पानांवर बदलायचा नाही. फोटोची ओळख, म्हणजे कॅप्शन, दर वेळी त्याच रकान्यात, पानाचा क्रमांक दर वेळी त्याच कोपऱ्यात. वाचणाऱ्याला दोन पानांत सवय होते आणि मग त्याचं लक्ष कामाकडे जातं. सगळ्या सेक्टरांतली घरं काही सारखी नाहीत, मोकळी मैदानं आहेत, बाजार आहेत. तसंच जाळी एक असली तरी पानं एकसारखी दिसण्याचं कारण नाही. जाळीने पानं कंटाळवाणी होतात अशी तक्रार बहुधा तीच मुलं करतात ज्यांनी सगळे खण भरून टाकलेले असतात.

ग्रिड म्हटलं की पुस्तकांत स्वित्झर्लंडचं नाव येतं, आणि ते रास्तच आहे. योझेफ म्युलर-ब्रॉकमान यांचं या विषयावरचं १९८१ सालचं पुस्तक अजून डिझाइनच्या वर्गांत वापरलं जातं. पण आडव्या पानाची शिस्त आपल्याकडेही जुनी आहे. पोथी आठवून पाहा. आडवं पान, दोन्ही बाजूंना तांबड्या रेघांनी आखलेला समास, मोजून लिहिलेल्या ओळी. आणि जिथे मूळ ग्रंथाबरोबर टीकाही द्यायची असे तिथे ‘त्रिपाठ’ पद्धत: मधोमध मोठ्या अक्षरांत मूळ, वर आणि खाली बारीक अक्षरांत टीका. वाचणाऱ्याला न सांगता कळतं की मुख्य काय आणि त्यावरचं भाष्य काय. हीच रीत मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने शिशाच्या खिळ्यांत आणली. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये सुरू केलेल्या या छापखान्याचे संस्कृत ग्रंथ उघडून बघावेत: मूळ, टीका आणि तळटीप अशा तीन आकारांची अक्षरं एका पानावर नांदतात आणि कुठेही गर्दी वाटत नाही. पोर्टफोलिओच्या पानावरही तेच तीन थर असतात. काम, त्याचं स्पष्टीकरण आणि बारीक नोंद.

आता कागद. ए-४ घ्या, आडवा. मुलाखतीत टेबलावर उघडतो, पडद्यावर जवळपास पूर्ण मावतो आणि कुठेही छापून मिळतो. या आकाराचं गणित मजेचं आहे. लांबी आणि रुंदी यांचं प्रमाण दोनाच्या वर्गमुळाइतकं असलं तर कागद मधोमध कापल्यावर दोन्ही तुकड्यांचं प्रमाण मूळ कागदासारखंच राहतं. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मधल्या एका पत्रात ही गोष्ट नोंदवली होती आणि जर्मनीत १९२२ मध्ये ती प्रमाण ठरली. ए-० कागद एक चौरस मीटरचा, ए-४ त्याचा सोळावा भाग. म्हणून ८० ग्रॅमचा ए-४ बरोबर ५ ग्रॅम भरतो. व्यवहारात याचा उपयोग असा की ए-३ वर केलेलं पान ए-४ वर उतरवताना काही कापावं लागत नाही. आपली पुस्तकं अजून डेमी आणि क्राउनमध्ये मोजली जातात. ते आकार देखणे असले तरी पोर्टफोलिओसाठी त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आडवा ए-४ म्हणजे २९७ बाय २१० मिलिमीटर. डावीकडे शिलाईसाठी २२ सोडा, उजवीकडे १५. उरले २६०. (भिलाईहून रेल्वेला जाणारे लांब रूळ २६० मीटरचे असतात, हा योगायोग भिलाईकराच्या लक्षात राहील.) या २६० मिलिमीटरचे सहा स्तंभ करा, प्रत्येकी ४० चे, मध्ये ४ मिलिमीटरची फट. सहा चाळीस दोनशे चाळीस आणि पाच फटींचे वीस. दोन स्तंभ जोडले तर ८४, तीन जोडले तर १२८, चार जोडले तर १७२ मिलिमीटर रुंदी मिळते. सहाचा फायदा हा की पान दोनात, तिनात, एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांशात, कसंही वाटता येतं. पाच स्तंभांची चैन अनुभवी माणसाने करावी.

उभ्या दिशेला वर २० आणि खाली २८ सोडले की १६२ उरतात. इथे मात्र आकडा मनाने घेतलेला नाही. तो ओळीवरून आलाय, आणि ओळ लिपीवरून.

रोमन अक्षरं तळरेषेवर उभी असतात. देवनागरी शिरोरेषेला लोंबते. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. खाली उकार, ऋकार, आणि जोडाक्षर उभं रचलं असेल तर आणखी एक मजला. वरच्या ओळीत ‘उद्धृत’ आलं आणि बरोबर त्याच्याखाली ‘वर्गीकरण’, तर वरच्याचा ऋकार आणि खालच्याचा रफार-वेलांटी एकमेकांच्या अंगावर येतात. अकरा पॉइंटच्या रोमन मजकुराला तेरा-चौदा पॉइंटचं ओळअंतर पुरतं. देवनागरीला दीडपटीच्या आसपास द्यावं लागतं. म्हणून मजकूर साडेअकरा पॉइंटचा आणि ओळ सतरा पॉइंटची. सतरा पॉइंट म्हणजे जवळजवळ नेमके ६ मिलिमीटर, आणि १६२ मिलिमीटरमध्ये अशा २७ ओळी. सहा-सहा ओळींचे चार आडवे पट्टे आणि त्यांच्यामध्ये एकेक मोकळी ओळ: चोवीस आणि तीन सत्तावीस. झाली जाळी. ४० बाय ३६ मिलिमीटरचे चोवीस खण, आणि प्रत्येक खणाची उंची मजकुराच्या ओळीत मोजलेली.

चित्रांच्या ओळखीसाठी साडेआठ पॉइंटचं अक्षर आणि पावणेतेरा पॉइंटची ओळ ठेवा. पावणेतेरा का? कारण ओळखीच्या चार ओळींची उंची मजकुराच्या तीन ओळींएवढी होते, दोन्हीकडे ५१ पॉइंट. शेजारी-शेजारी ठेवल्यावर दर तिसऱ्या ओळीला दोघं पुन्हा एका रेषेत येतात. हे कोणाच्या लक्षात येत नाही, पण पान नीटस का वाटतं याचं उत्तर बरेचदा अशा हिशेबात असतं.

आणखी एक बारकावा, जो रोमनसाठीच्या टेम्प्लेटमध्ये असूच शकत नाही. चित्राच्या शेजारी मजकूर ठेवताना चित्राची वरची कड कशाशी जुळवायची? सॉफ्टवेअर चौकटीच्या कडेशी जुळवतं, आणि मग शिरोरेषा चित्राच्या कडेपेक्षा दोनेक मिलिमीटर खाली लोंबताना दिसते. जुळवायची ती शिरोरेषा. मात्रा आणि वेलांट्या कडेच्या वर डोकावू द्याव्यात. शिरोरेषा ही पानावर आयती मिळालेली आडवी रेघ आहे. ती चित्राच्या कडेला जाऊन मिळाली की त्या ओळीला आणखी रेघ मारून सजवायची गरज राहत नाही.

देवनागरीला मोठी लिपी नाही, म्हणून मथळा ‘कॅपिटल’ करता येत नाही. तिरपी अक्षरं तिच्या स्वभावात नाहीत. संगणक ती नुसती कलती करतो आणि ती पडल्यासारखी दिसतात. अक्षरांमधलं अंतर ताणून ऐटदार मथळा करायची रोमनची युक्ती तर इथे घातकच, कारण शिरोरेषा तुटते. मग उरतं काय? आकार, जाडी, रंग आणि मोकळी जागा. तेवढं पुरेसं असतं. मराठी नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडगे यांनी नुसत्या अक्षरांतून नाटकाचा पिंड उभा केला, तोही वृत्तपत्राच्या गजबजलेल्या पानावरच्या छोट्याशा चौकटीत. मथळ्याला दागिने घालण्याआधी ती अक्षरं पाहावीत.

दोन्ही कडा सरळ करायचा मोहही टाळावा. मराठी आणि हिंदी शब्द ओळीच्या शेवटी तोडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये धड नसते. ८४ मिलिमीटरच्या स्तंभात सात-आठ शब्द बसतात. त्यात ‘विद्यार्थ्यांपर्यंतच्या’ असा एखादा आला की उरलेल्या शब्दांमध्ये दरी पडते. डावी कड सरळ, उजवी मोकळी. बस.

फॉन्टच्या बाबतीत छत्तीसगढातल्या मुलाला एक वेगळीच अडचण येते. इथल्या टायपिंगच्या दुकानांत आणि कचेऱ्यांत अजूनही कृती देवमध्ये टाइप केलेला हिंदी मजकूर मिळतो. (मराठी माणसाने हसू नये. आपल्याकडे श्रीलिपी आणि शिवाजीचे गठ्ठे तसेच पडून आहेत.) हे फॉन्ट युनिकोड नाहीत. आत रोमन अक्षरंच असतात, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. दुसरा फॉन्ट लावला की मजकुराचा भुगा. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण त्यांतून गेल्यावर रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासावीच लागते. इनडिझाइनमध्ये काम असेल तर परिच्छेदाच्या पर्यायांत ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडलाय ना हे आधी बघा. नाहीतर ‘किती’चं भलतंच काहीतरी होतं आणि जोडाक्षरं सुटी पडतात.

युनिकोडमध्ये आता निवडीला तोटा नाही. विंडोजबरोबर आलेला ‘मंगल’ र. कृ. जोशींनी केला, मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक डिझाइन केंद्रात शिकवलेल्या सुलेखनकाराने. मंगल पडद्यासाठी चांगला असला तरी छापील पोर्टफोलिओत तो अर्जासारखा दिसतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ची ‘मुक्ता’ मोफत आहे, तिच्यात पातळापासून जाडपर्यंत अनेक वजनं आहेत, आणि देवनागरीसोबत तमिळ, गुरुमुखी, गुजराती हे तिचे भाऊबंदही आहेत. देशभरातून माणसं येऊन वसलेल्या भिलाईत याचा उपयोग होतो. मजकूर मराठीत असेल तर भाषेच्या पर्यायात ‘मराठी’ निवडा. बऱ्याच चांगल्या फॉन्टमध्ये त्याने ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं येतात. हिंदी परिच्छेदाला हिंदी ठेवा. छत्तीसगढचा आणि मराठीचा देवनागरी छपाईतला संबंध तसा जुना: पेंड्र्याहून १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढणारे माधवराव सप्रे मराठी घरातलेच होते.

आता ही जाळी वापरून एक प्रकल्प पानावर मांडून पाहू. समजा, भिलाईतल्या एका विद्यार्थिनीने सेक्टरमधल्या सडक क्रमांकाच्या पाट्या नव्याने करायचं काम घेतलंय.

पहिल्या पानावर एकच फोटो, चार स्तंभ रुंद आणि चारही पट्टे उंच: संध्याकाळची सडक, पाटी अर्धी झाडात. उरलेल्या दोन स्तंभांत वरच्या पट्ट्यात एक प्रश्न, मोठ्या अक्षरांत: रात्री स्कूटरवरून येणाऱ्याला ही पाटी किती लांबून वाचता येते? खालचे पट्टे रिकामे. इथे ‘प्रस्तावना’ असा मथळा नको. प्रश्न हीच प्रस्तावना.

दुसऱ्या पानावर तिने हिंडून काढलेले फोटो. बारा पाट्या, बारा खणांत, वरच्या दोन पट्ट्यांत ओळीने. सगळे फोटो एकाच आकारात कापलेले, पाटी प्रत्येकात तेवढीच मोठी. असं शेजारी ठेवल्यावर जे दिसतं ते वेगवेगळ्या आकारांच्या सजवलेल्या फोटोंत दिसत नाही. कुठे रंग उडालाय, कुठे आकडा हाताने पुन्हा रंगवलाय, कुठे खांब गाडीने वाकवलाय. तिसऱ्या पट्ट्यात प्रत्येक फोटोसाठी दोन-दोन ओळींची नोंद. चौथा रिकामा.

तिसरं पान सगळ्यांत मोलाचं, आणि नेमकं तेच बहुतेक पोर्टफोलिओंत नसतं. वेगवेगळ्या आकारांत छापलेले आकडे भिंतीला लावून ती मागे मागे सरकत गेली आणि कोणता आकडा कुठे ओळखू येईनासा झाला ते तिने लिहून ठेवलं. हा तक्ता तीन स्तंभांत. देवनागरी १ आणि ९ लांबून एकमेकांसारखे दिसायला लागतात हे तिथे आकड्यांनिशी कळतं. शेजारच्या तीन स्तंभांत वहीतली पानं जशीच्या तशी, खाडाखोडीसकट, आणि टाकून दिलेल्या प्रत्येक पर्यायाखाली एक ओळ: का टाकला. वहीची पानं संगणकावर पुन्हा गोंडस करून काढू नयेत. मुलाखत घेणाऱ्याला ते लगेच कळतं.

चौथ्यावर पाटीचं मोजमापासह रेखाटन आणि पाचव्यावर पाटी जागेवर लावलेली, दिवसा आणि रात्री. गटाने केलेलं काम असेल तर आपला वाटा कोणता ते याच पानावर एका ओळीत लिहून टाकावं.

असे चार-पाच प्रकल्प पुरे. सगळ्यांत चांगला पहिला, त्याच्या खालोखालचा शेवटी. मुखपृष्ठावर नाव आणि वर्ष. त्यावर आठवडा घालवणं म्हणजे पंगत वाढायच्या वेळी रांगोळी काढत बसणं.

रंगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कामात रंग असतोच. पानाला काळा, एक राखाडी आणि लागलाच तर खुणेपुरता एक रंग. फोटोंचं मात्र सांगायला हवं. चार स्तंभ म्हणजे १७२ मिलिमीटर रुंदीचा फोटो ३०० डीपीआयने छापायचा तर तो सुमारे २,०३० पिक्सेल रुंद असावा लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो वाटेत दाबून लहान झालेला असतो. मित्राकडून मागवायचा तर डॉक्युमेंट म्हणून मागवा.

शेवटी छपाई. भिलाईतल्या सुपेला, पॉवर हाउस अशा बाजारांतल्या दुकानांत मशीन कागदाच्या कडेपर्यंत छापत नाही, चारी बाजूंना थोडी पांढरी कड सोडतं. फोटो कडेला भिडवायचा असेल तर तो कडेबाहेर ३ मिलिमीटर वाढवा, मोठ्या कागदावर छापून घ्या आणि मग कापून घ्या. ते जमणार नसेल तर समासाच्या आतच राहा. स्पायरल किंवा वायरो बांधणी डावीकडचे आठ-दहा मिलिमीटर खाते. २२ सोडले होते ते त्यासाठी. पाठपोट छापणार असाल तर पाठच्या पानावर हा समास उजवीकडे न्यावा लागतो, आणि मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत ठेवावी लागते. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवले गेलेत का ते बघा आणि फाइल दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर उघडून पाहा. दुकानात गेल्यावर आधी एकच पान छापून मागा, सगळ्यांत दाट मजकुराचं, आणि ते दुकानाच्या ट्यूबलाइटखाली न बघता बाहेर उजेडात नेऊन वाचा. साडेआठ पॉइंटच्या ओळखी तिथे वाचता आल्या नाहीत तर ओळखीचा राखाडी एक-दोन पायऱ्या गडद करा आणि मगच बाकीची पानं छापायला सांगा.